आई शेत भाजते

आमच्याकडे दहावीला मूल नापास झालं असं कुणी म्हणत नाही. कशात गेला, असं विचारतात. गणितात गेला, इंग्रजीत गेली. माझी थोरली बहीण इंग्रजीत गेली.

बाकीच्या विषयांत तिला चांगले मार्क होते. मराठीत तर ती वर्गात पहिली होती. पण निकालाच्या दिवशी घरी आलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला आणि आईने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. पुरवणी परीक्षा पावसाळ्यात असते, नेमकी भात लावायच्या दिवसांत. ताई म्हणाली, वेल्ह्यालाच तर जायचंय, एका दिवसाचा पेपर आहे, देऊन येते. त्या वर्षी लावणीला माणसं मिळत नव्हती. बाबा म्हणाले, "पुढल्या वर्साला दे." पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. मार्गासनीच्या पुढे तिचं सासर आहे.

मी तेव्हा सातवीत होते. त्यानंतर घरात न बोलता ठरून गेलं की मी इंग्रजीत निघाले तर पुढे शिकेन, गेले तर ताईसारखं. हे कुणी रागाने म्हटलं नाही. राग असता तर भांडता तरी आलं असतं.

नववी-दहावीला आम्हाला इंग्रजी शिकवणारे सर भोरचे होते. रोज मोटरसायकलवर यायचे. त्यांचे वडील, भाऊ, सगळे नोकरीत होते असं ऐकलं होतं. शर्टाची इस्त्री शाळेत पोचेपर्यंत मोडलेली असायची आणि ते आधी ती ठीकठाक करायचे, मग हजेरी घ्यायचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटू शकेल.

तासाची रीत ठरलेली होती. सर इंग्रजीतलं एक वाक्य वाचायचे, "म्हणजे काय," असं स्वतःच म्हणायचे आणि त्याचा अर्थ मराठीत सांगायचे. आम्ही पुस्तकातल्या ओळीवर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहायचो. वर्ष संपेपर्यंत इंग्रजीचं पुस्तक मराठीच दिसायला लागायचं. जुनी पुस्तकं खालच्या वर्गाला जायची, तेव्हा हे उच्चारही चुकांसकट आयते मिळायचे. मला मिळालेल्या पुस्तकात आधीच्या कुणीतरी बेट या अर्थाच्या शब्दावर 'इसलँड' असं लिहून ठेवलं होतं आणि कित्येक दिवस आमचा अख्खा वर्ग तसंच म्हणत होता. सरांनी एकदा दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे 'इसलँड'. सरांनी मान हलवली आणि पुढच्या ओळीवर गेले.

घरचा अभ्यास म्हणजे प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायची, ती घरी पुन्हा लिहायची आणि निबंध गाईडमधून पाठ करायचे. माझी शाळा, माझा आवडता खेळ, माझी आई. गाईडमधली आई पहाटे उठते. चविष्ट नाष्टा बनवते. नेहमी नीटनेटकी असते. आम्हाला अभ्यासात मदत करते. रविवारी आम्हाला बागेत फिरायला नेते. आमच्या वर्गात सगळ्यांची आई हीच होती. सरांनी उभं करून विचारलं की एकेक जण उठून तिच्याबद्दल सांगायचा, एकाच चालीत. मधेच कुणी अडखळला तर बाकीचे पुढची ओळ कुजबुजून द्यायचे. ती कुणाचीच आई नसल्यामुळे कुणाचीही चालायची.

दहावीच्या दिवाळीनंतर सर कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले. आल्यावर त्यांनी तास सुरू करताना खडू हातात घेतला नाही. टेबलाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या वेळी गाईड बंद. 'माय मदर' वर दहा ओळी, स्वतःच्या मनाने. चुकलं तरी चालेल. पण स्वतःचं पाहिजे."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, मनाने म्हंजी बघून न लिहिता ना?"

"म्हणजे पाठ केलेलं नको."

"मंग मनात दुसरं काय असणार सर?"

वर्ग हसला. सरही हसले. पण मला ती गोष्ट खरी वाटली. माझा तोच दोष आहे, कुणी सांगितलं की मला खरं वाटतं. मी घरी गेले आणि आईकडे बघत बसले. ती रानातला पातेरा, वाळलेली पानं, गोळा करून आली होती, डोक्यावरचा भारा उतरवून मान चोळत होती.

"काय बघतीस?" ती म्हणाली.

"तुझ्यावर निबंध लिवायचाय."

"माज्यावर? का, म्या काय केलं?"

आमच्या भागात भाताचं रोप टाकायच्या आधी शेताच्या त्या तुकड्यावर शेण, कवळं म्हणजे झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या, पातेरा आणि माती असं एकावर एक पसरतात आणि उन्हाळ्यात ते पेटवून देतात. याला राब भाजणं म्हणतात. तण जळून जातं आणि राखेने रोप जोर धरतं. आमच्या घरी हे काम आईचं. बाबा कवळं तोडून आणतात, पण रचायचं आणि भाजायचं तिने. वाऱ्याची दिशा बघून ती एका बाजूने पेटवते आणि हातात ओली फांदी घेऊन कडेकडेने फिरत राहते. जाळ बांधाबाहेर गेला तर डोंगराला लागेल, म्हणून ती तेव्हा कुणाशी बोलत नाही. आईबद्दल विचार केला की मला तेच दिसतं. म्हणून तेच लिहायचं ठरवलं.

'भाजणे' ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. शाळेच्या कपाटात एक शब्दकोश होता. शिपाईमामांना सांगून तो काढून घेतला. 'भाजणे' पुढे 'रोस्ट' दिलं होतं. उदाहरणं शेंगदाण्यांची आणि मांसाची होती, शेताचं नव्हतं. पण शब्द तर तोच होता. आम्ही शेंगदाणेही भाजतो आणि राबही भाजतो. राबाला काही तो कोश ओळखत नव्हता, म्हणून मी 'फील्ड' घातलं. माझं पहिलं वाक्य झालं, 'माय मदर रोस्ट अवर फील्ड.' पुढे वारा, ओली फांदी, ती बोलत नाही, असं सगळं जमेल तसं लिहिलं. दहा ओळींसाठी मला तीन संध्याकाळी लागल्या. काही लिहून मला त्याआधी कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

सरांनी वह्या वर्गातच तपासल्या. गाईड बंद असूनही बहुतेकांनी गाईडचंच लिहिलं होतं, मधल्या दोन ओळी गाळून. माझी वही हातात घेतल्यावर सर थांबले. आधी त्यांनी लाल पेनाने 'रोस्ट' ला एस लावला, कारण मी तो विसरले होते. मग सगळं वाक्य पुन्हा वाचलं आणि मोठ्याने म्हणाले, "माझी आई आमचं शेत भाजते."

 मग मागून आवाज आला, "सर, मसाला कुठला लावती इचारा."

"शेत भाजल्यावर बांध तळत्यात का गं?"

"आमाला पण एक वाफा पाठव डब्यात."

वर्ग खदखदला. सरांनाही हसू आवरेना, त्यांनी तोंडावर वही धरली. त्या वर्गात एकही घर असं नव्हतं जिथे राब भाजत नाहीत. मसाल्याचं विचारणारा मुलगा दर उन्हाळ्यात त्याच्या आजोबांबरोबर राब भाजायला असायचा, मी त्याला काजळलेल्या तोंडाने घरी जाताना बघितलं आहे. मराठीत तो शब्द त्यांच्यातल्या कुणालाच हसू येण्यासारखा नव्हता. इंग्रजीत जाऊन परत आल्याबरोबर आमची शेतं, आमच्या आया, सगळं विनोदी झालं. आणि कुणीतरी एक जण उठून, सर, राब भाजतात, तेच तिला म्हणायचंय, एवढं सांगेल असं मला वाटत राहिलं. कुणी उठलं नाही. मी पण उठले नाही. मीही हसले. हसत हसत ओढणी तोंडाला लावली, म्हणजे मला स्वतःलाच ते गमतीचं वाटलं असं दिसावं.

सरांनी त्या वाक्यावर आडवी रेघ मारली. त्याच्या खालच्याही ओळींवर.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. त्यांचा डबा उघडा होता. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "बस. राब मला कळतो गं. मी भोरचा असलो तरी भाताच्याच मुलखातला आहे."

मी म्हटलं, "मग सर, रेघ का मारली?"

त्यांनी पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "तुझा पेपर कुठे जाईल सांग. सोलापूरकडे जाईल, नाहीतर नगरकडे. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो. त्याने राब पाहिलेला नाही. तो वाचणार, बाई शेत भाजते. त्याला वाटणार, हिला काहीच येत नाही. आणि गाईडमधलं लिहिलंस तर तो न वाचता मार्क देतो."

"न वाचता?"

"हो. न वाचता. वाचायला लागला की मार्क कापतो." मग ते म्हणाले, "तुझी बहीण माझ्याच हाताखाली होती. तीही अशीच मनाने लिहायची. मी तेव्हा नवीन होतो, तिला शाबासकी द्यायचो."

एवढंच म्हणाले आणि जेवायला लागले. प्रशिक्षणाचं पुन्हा त्यांनी नाव काढलं नाही. पुढच्या तासाला खडू हातात घेतला आणि म्हणाले, "गाईड काढा."

सरांच्या ताईबद्दलच्या वाक्याने मी जेवढी घाबरले तेवढी हसण्याने घाबरले नव्हते. ताई इंग्रजीत गेली ती तिला येत नव्हतं म्हणून, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिने पण तसंच धरलं होतं. मी गाईडमधली आई पाठ केली. भांडी घासताना म्हणायचे, एसटीची वाट बघताना म्हणायचे. माझी खरी आई शेजारून जायची आणि मी तिच्या तोंडावर म्हणत असायचे की माझी आई नेहमी नीटनेटकी असते. तिला ऐकायला बरं वाटायचं. "म्हण, म्हण," म्हणायची. "मोठ्यानं म्हण."

मी इंग्रजीत निघाले. मार्क बरेच चांगले पडले. शाळेच्या फळ्यावर माझं नाव लिहिलं होतं. सरांनी बाबांना सांगितलं, "हिला थांबवू नका." बाबांनी थांबवलं नाही. अकरावी-बारावी मी भाटघरला मावशीकडे राहून भोरला केली, आणि मग पुण्याला बी.ए.ला आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. सगळ्यांना त्याचं कौतुक आहे आणि मला त्या कौतुकाचं काय करावं कळत नाही.

पहिल्या वर्षाला इंग्रजीच्या मॅडमनी एका ओळखीच्या माणसाबद्दल लिहून आणायला सांगितलं. मी आईबद्दल लिहिलं, म्हणजे तिच्याबद्दल, गाईडमधल्या त्या पहाटे उठणाऱ्या आईबद्दल. थोडे अवघड शब्द घातले. एकही चूक नव्हती. मॅडमनी मला थांबवून घेतलं. तरुण होत्या, आवाज चढवत नसत. म्हणाल्या, "या बाईंना मी दरवर्षी भेटते. नाशिकहून येतात, बीडहून येतात. या कोण आहेत?"

मी वही परत घ्यायला हात पुढे केला.

"मला तुझी आई वाचायचीय. आत्ता लिही, इथेच बसून. चुकलं तरी चालेल."

हेच शब्द मी आधी ऐकले होते. मी पेन घेतलं. 'माय मदर' एवढं लिहिलं. शब्द येत नव्हते असं नाही. शब्द आता बरेच येतात. पण कुठलंही क्रियापद मनात आलं की त्याच्याबरोबर हसू यायचं, मागच्या बाकावरचं. ती काय करते, हे मला कोणत्याच शब्दात सुरक्षित वाटेना. तास संपला. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, घरून आण." मी आणलं नाही. त्यांनी दोनदा आठवण केली, मग त्याही थांबल्या. शाळेत ज्याच्यावर मार्क मिळाले त्याच्यावरच इथे शून्य होतं, आणि शाळेत ज्याच्यावर रेघ मारली होती ते आता काही केल्या परत येत नव्हतं. यात मी कुणावर रागवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सरांवर राग येत नाही. मॅडमवर येतो थोडा, आणि तोही अन्यायाचाच आहे.

गेल्या दिवाळीत ताई माहेरी आली होती. मुलगा मांडीवर झोपलेला. म्हणाली, "दहावीचा फॉर्म भरलाय म्या. एवढा एक इंग्लिसच ऱ्हायलाय." तिला अंगणवाडीत लागायचं होतं. त्याला बारावी पाहिजे, आणि दहावी निघाल्याशिवाय बारावीला बसता येत नाही. दाजी दारात बसून ऐकत होते. म्हणाले, "आता भाकर इंग्लिसमधी मागावी लागंल म्हना."

"मागा की," ताई म्हणाली, "मराठीत मागून तरी कवा येळेवर उठताय."

मी तिला शिकवायला बसले. का कोण जाणे, मला वाटलं, हिच्याकडून तरी होईल. म्हटलं, "ताई, निबंध पाठ नको करू. तू मनाने लिही, मी चुका दुरुस्त करते."

तिने माझ्याकडे बघितलं. "माज्या मनानं लिवून झालंय एकदा."

"सर म्हणायचे तू चांगलं लिहायचीस."

"म्हनत आसतील. मार्क न्हाई दिलं कुनी." मुलाला तिने दुसऱ्या मांडीवर घेतलं. "तू कालेजात हायेस, तुला परवडंल मनानं लिवनं. मला निबंध दे."

"कुठला?"

"तुजा पाठ हाय त्यो. आईचा."

मी सांगत गेले आणि ती देवनागरीत लिहीत गेली. एक शब्दही मी विसरले नव्हते. मधे मी म्हटलं, अर्थ सांगू का. ती म्हणाली, "अर्थ नगं. आधी तोंडात बसू दे. अर्थ मागनं बघू." भाऊबीजेनंतर ती सासरी गेली तेव्हा तो कागद तिने घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला होता. नंतर फोन केला की कधी कधी ती मला तो म्हणून दाखवायची, पाठीमागे कुकरची शिट्टी, मुलाचं रडणं. मी उच्चार सुधारायचे. बाकी काही सुधारण्यासारखं त्यात नव्हतं.

मार्चमध्ये तिने पेपर दिला. निकाल लागला तेव्हा माझ्या परीक्षा चालू होत्या. तिचा फोन आला म्हणून मी हॉस्टेलच्या जिन्यात जाऊन बसले.

"निघाले गं," ती म्हणाली.

"किती पडले?"

"निघाले म्हंजी निघाले. किती इचारू नगंस." आवाज हसरा होता. ती त्या दिवशी माहेरीच होती. पाठीमागे आईचं काहीतरी चाललं होतं. मग ताई म्हणाली, "थांब, फोन मोठा करते. आई कवाधरनं मागं लागलीया. म्हनती, माज्यावर लिवून पोरगी पास झाली, तर लिवलं तरी काय. मला काय सांगता येईना. तू सांग तिला."

"आई," मी म्हटलं.

"हां, बोल. ऐकतीया."

मला खोटं सांगता आलं असतं. मी सांगू शकले असते की ताईने लिहिलं, माझी आई लई कष्ट करते, आणि ती खूश झाली असती. पण ताई ऐकत होती, आणि तिच्या तोंडात तो निबंध अक्षरशः होता. मी मराठी करून सांगायला लागले. "माझी आई रोज पहाटे उठते."

"व्हय, उठते," आई म्हणाली.

"ती आमच्यासाठी चविष्ट नाष्टा बनवते."

तिकडून नुसतं "हां" आलं.

"ती आम्हाला अभ्यासात मदत करते."  तिकडे पंखा फिरत होता, त्याचा आवाज येत होता. "रविवारी ती आम्हाला बागेत फिरायला नेते."

"कुठल्या बागंत?" आईने विचारलं.

ताई हसली, पण लगेच थांबली. "आई, आगं, ते तसंच लिवायचं आसतंय. समद्यांचं तसंच आसतंय."

"समद्यांचं?"

"व्हय."

"आन म्या कवा तुमास्नी शिकवलं?" ती चेष्टेने म्हणाली की खरंच विचारलं, हे फोनवर कळलं नाही. मला वाटतं तिने खरंच विचारलं.  मग तीच म्हणाली, "मार्क दिलं ना त्येंनी?"

"दिलं," ताई म्हणाली.

"मंग झालं." आणि ती उठून गेली असावी, कारण भांड्यांचा आवाज आला.

ताईने फोन लहान करून कानाला लावला. म्हणाली, तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नको, मघापासून पेढे वाटत फिरतीया. मग बारावीच्या फॉर्मची तारीख विचारली. बारावीच्या इंग्रजीला निबंध कुठले येतात, तेवढे देवनागरीत लिहून पाठव, म्हणाली, आत्तापासून पाठ करायला घेते.

मी हो म्हटलं.